तेव्हा घेतलं असतं तर

बेसबॉलची जुनी कार्डं जमवणाऱ्या माणसाला ‘तुमच्याकडे काय काय आहे?’ असं विचारलं, तर तो दहा मिनिटांत मोकळा होतो. ‘तुमचं काय राहून गेलं?’ असं विचारलं, तर मात्र संध्याकाळपर्यंत तुमची सुटका नाही. जे आहे ते कपाटात असतं, विम्याच्या यादीत असतं, त्याचा एक आकडा ठरलेला असतो. जे राहिलं त्याला कपाट पुरत नाही.

अमेरिकेत शनिवार-रविवारी हॉटेलांची सभागृहं, शाळांची जिम, चर्चची तळघरं अशा ठिकाणी या कार्डांचे बाजार भरतात. लांबलचक टेबलं, त्यांवर काचेच्या पेट्या, पेट्यांत प्लास्टिकच्या जाड कवचात बंद केलेले तळहाताएवढे पुठ्ठ्याचे तुकडे, आणि मागे घडीच्या खुर्चीवर घरून सँडविच बांधून आणलेला एक गृहस्थ. पुठ्ठ्याच्या एका बाजूला खेळाडूचं चित्र, दुसऱ्या बाजूला त्याची आकडेवारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत घालायला हे तुकडे निघाले. पुढे ते च्युइंगगमच्या पुड्यांत गेले आणि पोरांच्या हाती लागले. पोरांनी ते भिंतीवर आपटून जिंकले-हरले, सायकलच्या चाकाच्या काड्यांना चिमट्याने लावून फटफटीचा आवाज काढला, पँटच्या मागच्या खिशात ठेवून वर्षभर त्यांवर बसले. त्यातून जे वाचलं त्याचा हा बाजार.

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला तिथे जायचं खरं म्हणजे काही कारण नाही. चेंडू टप्पा न खाता येतो आणि फलंदाज एक फटका बसला की बॅट टाकून धावत सुटतो, या दोन गोष्टी पचवण्यातच आमचं निम्मं आयुष्य जातं. पण आमचे शेजारी मला आग्रहाने नेतात, कारण मी यातलं काहीही जमवत नाही. दुसऱ्या संग्राहकापाशी हळहळ बोलून दाखवायची सोय नसते. तो ऐकून घ्यायचं सोडून लगेच स्वतःची काढतो, आणि ती आपल्याहून मोठी निघाली तर अख्खा रविवार फुकट जातो. माझ्यापाशी स्पर्धेला काही नाही. लहानपणी बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं यायची, त्यांवर धावा आणि बळी छापलेले असायचे, एवढाच माझा या क्षेत्रातला पूर्वेतिहास. त्यांवर आज कोणी कोटींच्या बोली लावत नाही, ही मला मोठी समाधानाची बाब वाटते.

हळहळीला एक ठरलेला घाट असतो. आधी साल. मग गाव. मग माणूस: ‘एक म्हातारा होता, सिगारच्या डब्यात कार्डं घेऊन कोपऱ्यात बसायचा.’ मग त्याचा भाव: ‘ऐंशी डॉलर सांगत होता.’ मग आपला भाव: ‘मी साठ म्हटलं.’ मग एक सुस्कारा. मग आजचा भाव. हा शेवटचा आकडा सांगताना आवाज खाली येतो आणि नजर ऐकणाऱ्याच्या तोंडावर खिळते. तोंड पुरेसं पडलं नाही तर गोष्ट पुन्हा सालापासून सुरू होते.

आपल्याकडे नाकारलेल्या स्थळाची गोष्ट असते, तशीच ही. मुलगा बरा होता, पत्रिका जुळत होती, पण घर भाड्याचं होतं म्हणून नको म्हटलं. आणि तो पुढे मोठा साहेब झाला. आत्याबाईंना स्वतःच्या नवऱ्याची शेवटची बढती कधी झाली ते आठवत नाही, पण त्या साहेबाचा हुद्दा, बंगला आणि निवृत्तिवेतन यांची त्यांच्याकडची माहिती कधी शिळी नसते. आमचे शेजारीही स्वतःच्या कार्डांचे भाव वर्षातून एकदा बघतात आणि न घेतलेल्यांचे रोज सकाळी.

जुन्या कार्डांना हल्ली गुण मिळतात. १९९१ साली पीएसए नावाची कंपनी निघाली. तिच्याकडे कार्ड पाठवलं की चित्र बरोबर मधोमध छापलंय का, चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्यात का, गमचा डाग पडलाय का, हे भिंगाखाली बघून १ ते १० असा अंक ठरवतात आणि कार्ड कवचात कायमचं बंद करून परत देतात. त्याआधी हा अंक विकणारा तोंडी सांगत असे आणि तो नेहमी दहाच असे. माझी सूचना आहे की हळहळीलाही अशी तपासणी लावावी. बाजारात नाहीतर फार भेसळ होते.

‘पैसेच नव्हते’ या हळहळीला तीनच्या वर गुण देऊ नयेत. तिच्यात निर्णय कुठे आहे? ती निव्वळ गरिबी आहे. ‘एक कोपरा जरा दुमडलेला होता’ हिला सहा-सात द्यायला हरकत नाही. चोखंदळपणाची शिक्षा म्हणून ती दिसते छान. ‘बायको नको म्हणाली’ हा प्रकार बाजारात मुबलक आहे आणि त्याच्या अस्सलपणाबद्दल मला दाट शंका आहे, कारण बहुतेक वेळा ती बायको शेजारच्याच खुर्चीवर विणत बसलेली असते आणि मान वर न करता म्हणते, ‘मी घे म्हटलं होतं. तूच म्हणालास, खाली येईल भाव.’ कवच तिथेच फुटतं. नऊ गुणांची हळहळ म्हणजे आपण नको म्हटलेलं कार्ड आपल्याच मित्राने घेणं. ते नाहीसं होत नाही. दर थँक्सगिव्हिंगला त्याच्या घरी जेवायला गेलं की समोरच्या भिंतीवर असतं आणि तो म्हणतो, ‘तुझ्यामुळे मिळालं रे मला.’

दहा गुणांची हळहळ मी एकाच माणसापाशी पाहिली. खिशात पैसे होते, भाव योग्य होता, कोपरे टोकदार होते, बायको बरोबर नव्हती. त्याने कार्ड हातात घेतलं, पाहिलं आणि परत ठेवलं. का ठेवलं? ते त्याला आजतागायत सांगता येत नाही. बोलताना तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

पण ही सगळी किरकोळ मंडळी. कार्ड हुकवण्याच्या इतिहासातलं सर्वोच्च स्थान एखाद्या ग्राहकाला नाही मिळालं. ते खुद्द कार्ड काढणाऱ्या कंपनीने पटकावलं आहे.

ब्रुकलिनच्या टॉप्स या च्युइंगगम कंपनीत साय बर्गर नावाचे गृहस्थ नोकरीला होते. १९५२ च्या हंगामासाठी त्यांनी सहकारी वुडी गेल्मनबरोबर, घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कात्री-पुठ्ठा घेऊन कार्डाचा नवा नमुना बसवला. रंगीत चित्र, संघाचं चिन्ह, खेळाडूची छापील सही, मागे आकडे. आज जगात बेसबॉल कार्ड म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते त्या टेबलावरचं. एकूण ४०७ कार्डं होती आणि ती टप्प्याटप्प्याने बाजारात गेली. शेवटचा टप्पा ३११ क्रमांकापासून सुरू होत होता, आणि तो दुकानांत पोचेपर्यंत हंगाम संपत आला होता. पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. दुकानदारांनी माल घेतला नाही. खोकी गोदामात परत आली आणि तिथेच राहिली.

बर्गरसाहेबांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. जत्रांमधल्या खेळवाल्यांकडे ते ही कार्डं घेऊन गेले. एका सेंटला एक, म्हणाले. नको. मग सेंटला दहा म्हणाले. तरी नको. शेवटी १९६० साली गोदामात जागा हवी म्हणून तीनेकशे खोकी, कदाचित जास्तच, कचऱ्याच्या बार्जवर चढवली, बार्ज टगबोटीला बांधला आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून काही मैल आत नेऊन सगळा माल अटलांटिक महासागरात लोटून दिला. बर्गर स्वतः बरोबर गेले होते. ही हकिगत पुढे आयुष्यभर त्यांनीच सांगितली. लोक अंत्ययात्रेलाही इतक्या लांब जात नाहीत.

३११ क्रमांकाचं कार्ड मिकी मँटलचं होतं. न्यूयॉर्क यँकीज संघाचा, नुकती विशी गाठलेला, ‘जो डिमॅजिओ’ या दिग्गजाच्या जागेवर आलेला पोरगा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच कार्डाची एक निष्कलंक प्रत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेली. जाणकार आवाज खाली आणून सांगतात की हे मँटलचं पहिलं कार्डही नाही, पहिलं १९५१ चं बोमन कंपनीचं; आणि त्या टप्प्यातल्या बहुतेक कार्डांपेक्षा हे दुप्पट छापलं गेलं होतं. सांगू देत. ज्या खेळवाल्यांनी सेंटला दहा नाकारली, त्यांच्या नातवंडांना हा बारकावा समजावून फारसा उपयोग होईलसं वाटत नाही.

उन्हाळ्यात आमची मराठी मंडळी डबे भरभरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर जातात, चटया अंथरतात, समुद्राकडे तोंड करून भेळ खातात. शेजारी एकदा आमच्याबरोबर आले होते. त्यांनी भेळेला हात लावला नाही. बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मुलांना वाटलं, त्यांना शार्क दिसला.

आता गंमत अशी की १ कोटी २६ लाखांना गेलेली ती प्रत न्यू जर्सीतल्याच एका गृहस्थांकडे होती आणि त्यांचा व्यवसाय कचरा-व्यवस्थापनाचा. एका कचऱ्याच्या बार्जने बुडवलं ते दुसऱ्या कचरावाल्याने जपलं, ही मांडणी कोणा लेखकाने केली असती तर संपादकाने ‘फार जुळवलेलं वाटतं’ म्हणून परत पाठवली असती. १९८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये १९५२ च्या त्या शेवटच्या टप्प्याची हजारो कोरी कार्डं एका घरात सापडली होती. ॲलन रोझन या व्यापाऱ्याने ती उचलली. त्यांतलं हे एक. १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका बाजारात त्या गृहस्थांनी रोझनकडून ते ५०,००० डॉलरना घेतलं.

हे ऐकलं की बाजारात चुकून आलेला एखादा मराठी इंजिनिअर फोन काढतो आणि चक्रवाढ व्याज काढतो. दरसाल साडेएकोणीस टक्के! मग तो खिन्न होतो. ‘म्युच्युअल फंडात एवढं सुटत नाही.’ त्याचं गणित बरोबर आहे, फक्त मधली ३१ वर्षं त्याने एका घातांकात उरकली. ती वर्षं माणसाला एकेक करून काढावी लागतात. १९९४ साली खेळाडूंनी संप केला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली, चिडलेल्या चाहत्यांनी कार्डांकडे पाठ फिरवली. २००८ ला घरांचे हप्ते थकले. मुलं कॉलेजला गेली. छपरं गळली. दर वेळी कपाटातलं एक कार्ड म्हणत असणार, मला विका. ते ज्याने विकलं नाही तो खरा. घेणं ही त्यातली सोपी बाजू.

आणि इथेच ‘तेव्हा घेतलं असतं तर’ या वाक्यातली मेख आहे. म्हणणारा प्रत्येक जण गृहीत धरतो की ते कार्ड आज त्याच्याकडे असतं. छे! साठला घेतलेलं कार्ड पाच वर्षांनी सहाशेला गेलं असतं. बायकोला त्याने अभिमानाने सांगितलं असतं की दसपट झाले. त्या पैशांत गाडीची दुरुस्ती झाली असती. आणि आज तो त्याच खुर्चीवर, तेच सँडविच खात, ‘तेव्हा विकलं नसतं तर’ म्हणत बसला असता. खुर्ची चुकत नाही.

पटत नसेल तर होनस वॅग्नरच्या कार्डाची वंशावळ बघा. वॅग्नर हा पिट्सबर्ग पायरेट्सचा थोर खेळाडू. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून जो पाचशेहून जास्त कार्डांचा संच काढला, त्यात त्याचंही कार्ड होतं. पण त्याने हरकत घेतली आणि छपाई थांबली. पोरांनी माझ्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून हरकत घेतली, अशी एक कथा आहे. मोबदला मिळाला नाही म्हणून घेतली, अशी दुसरी. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, त्यामुळे दोन्ही पक्षांना वादाला भरपूर जागा आहे. आज या कार्डाच्या पन्नास-साठच प्रती माहीत आहेत.

त्यांतली सर्वांत देखणी प्रत १९८५ साली बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने २५,००० डॉलरना घेतली. दोन वर्षांत ती १,१०,००० ला विकली. छान झालं. १९९१ साली ती ४,५१,००० ला गेली. घेणारे होते आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे मालक. मग ती वॉलमार्टच्या एका स्पर्धेत बक्षीस म्हणून आली आणि फ्लोरिडातल्या टपाल खात्यातल्या एका बाईंना लागली. आता तरी कोणाचं भलं झालं म्हणावं, तर बक्षिसावरचा कर भरण्याइतके पैसे बाईंकडे नव्हते. कार्ड लागलं म्हणून कर आला आणि कर आला म्हणून कार्ड गेलं. १९९६ च्या लिलावात त्याचे ६,४०,५०० डॉलर आले. २००० साली तेच साडेबारा लाखांच्या वर, २००७ च्या फेब्रुवारीत साडेतेवीस लाख, त्याच सप्टेंबरात २८ लाख. या साखळीतल्या जवळपास प्रत्येकाने नफा कमावला आणि प्रत्येकाने पुढच्याची किंमत ऐकून कपाळावर हात मारला असणार. न घेणारे हळहळतात हे समजू शकतं. इथे घेणाऱ्यांची रांग लागली आहे.

बरं, ती प्रत एवढी देखणी का होती, हेही २०१३ साली कळलं. मास्ट्रोने न्यायालयात कबूल केलं की विकण्याआधी त्याने तिच्या कडा कापून सारख्या केल्या होत्या. पीएसएने तपासलेलं पहिलंच कार्ड ते. क्रमांक एक, गुण आठ. ज्यांनी ते वर्षानुवर्षं न घेतल्याबद्दल ऊर बडवला होता त्यांना त्या दिवशी जरा बरं वाटलं असेल, पण फार काळ नाही. २०२१ साली तीन गुणांचा एक झिजलेला वॅग्नर ६६ लाखांना गेला, आणि पुढच्या वर्षी दोन गुणांचा साडेबहात्तर लाखांना. आता हळहळायला कोपरेसुद्धा टोकदार लागत नाहीत.

अमेरिकेत साठी ओलांडलेल्या पुरुषांचा मात्र या सगळ्याशी वाद नाही. त्यांचा आरोपी ठरलेला आहे: आई. मुलगा कॉलेजला किंवा सैन्यात गेला, आईने त्याची खोली आवरली, पलंगाखालचं बुटांचं खोकं कचऱ्यात गेलं, आणि त्या खोक्यात मँटल होता. हे खोकं मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की त्या सगळ्यांची बेरीज केली तर १९५२ साली टॉप्सने मँटल घरटी एक वाटला असावा. प्रत्यक्षात तो गोदामात धूळ खात होता. आईने टाकलेल्या खोक्यात बहुधा कुठल्यातरी विसरलेल्या राखीव खेळाडूच्या सात प्रती होत्या. पण आता खोकं नाही, आईही नाही, त्यामुळे मँटल कायमचा आत बसला.

या मातांवर फार अन्याय होतो. सगळ्यांनी सगळी खोकी जपून ठेवली असती तर या पुठ्ठ्याला कुत्रं विचारतं ना. बेसबॉलच्या थोरांचं स्मारक न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनला आहे. तिथे हातात झाडू घेतलेल्या एका बाईचा पुतळा उभारणं हे या धंद्याचं कर्तव्य आहे. आमच्याकडच्या आया तशा जास्त व्यवहारी. त्या काहीही फुकट टाकत नसत. रद्दीवाल्याच्या तराजूवर करडी नजर ठेवून, वजनात मारतो म्हणून त्याला दोन शब्द सुनावून, पोराची चित्रं, वह्या आणि जुने दिवाळी अंक एकाच भावाने घालत.

हळहळ विकता येते हे कंपन्यांना फार लवकर कळलं होतं. १९३३ साली गाउडी या गम कंपनीने २४० कार्डांचा संच काढला आणि त्यात १०६ क्रमांकाचं कार्ड छापलंच नाही. पोरं बिचारी गम चावचावून जबडे दुखवत राहिली. अखेर चिकाटीच्या काही लोकांनी कंपनीला पत्रं लिहिली, तेव्हा पुढच्या वर्षी कंपनीने नॅप लाज्वे या जुन्या खेळाडूचं कार्ड त्या क्रमांकाने छापून, पत्राला टाचून, टपालाने पाठवलं. त्यामुळे आज ते दुर्मीळ आहे आणि त्याच्या अनेक प्रतींवर पेपरक्लिपचा वळ आहे. ज्यांनी तक्रार केली नाही त्यांना मिळालं नाही. तक्रारखोर माणसाला इतका चांगला परतावा दुसरीकडे कुठे मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग आली ती पिढी, जिने ठरवलं की आपल्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. १९८१ पासून टॉप्सची मक्तेदारी संपली. फ्लीअर, डॉनरस, पुढे अपर डेक, सगळे मैदानात उतरले. वर्तमानपत्रांत मँटलचे भाव छापून येत होते. भावांचं मासिक दर महिन्याला घरी येत होतं. बापांनी मुलांच्या कॉलेजच्या फीची सोय म्हणून कार्डांची सीलबंद खोकी विकत घेतली आणि मुलांना बजावलं, हात लावायचा नाही. मुलांनी लावला नाही. कोणी चिमट्याने सायकलला लावलं नाही, कोणी खिशात घातलं नाही, कुठल्या आईने टाकलं नाही. उलट आईनेच तळघरात ओल येऊ नये म्हणून यंत्र आणून ठेवलं. कंपन्या रात्रंदिवस छापत होत्या. आज १९८८ च्या डॉनरसची खोकी फुकट घेऊन जा म्हटलं तरी माणसं गाडी कुठे लावू हा प्रश्न काढून टाळतात. १९८९ च्या अपर डेकमधलं पहिलं कार्ड केन ग्रिफी ज्युनिअरचं. मुलगा तर कर्तृत्ववान निघाला, ६३० होमरन ठोकून कूपर्सटाउनला गेला. पण त्याचं कार्ड सगळ्यांनीच जपलं. तेव्हा ते न घेतल्याबद्दल हळहळण्याची सोयही राहिली नाही, आजही मिळतं.

यातून कोणी शहाणं झालं म्हणावं तर २०२१ साली, साथीच्या काळात घरी बसलेल्या अमेरिकेने पुन्हा तेच केलं. गुण द्यायला आलेल्या कार्डांचा ढीग इतका वाढला की पीएसएला काही महिने नवी कार्डं घेणं थांबवावं लागलं, आणि विस्कॉन्सिनमध्ये एका दुकानाच्या आवारात कार्डांवरून मारामारी झाल्यावर टार्गेट या दुकानसाखळीने आपल्या दुकानांतून ती विकणंच काही काळ बंद केलं. कोणीही हळहळ पदरी घेऊन मरायला तयार नव्हतं.

या सगळ्या हळहळीतून सुटलेला एकच मोठा संग्राहक मला माहीत आहे. जेफरसन बर्डिक, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजजवळचे. नोकरी कारखान्यात, संधिवाताने हातपाय आखडलेले, लग्न नाही. वॅग्नरचं कार्ड ज्या संचातलं त्याला आज सगळे ‘टी-२०६’ म्हणतात, तो क्रमांक यांनीच आपल्या सूचीत दिलेला. त्याच सूचीत, महामंदीच्या दशकात, त्यांनी वॅग्नरची किंमत ५० डॉलर लिहिली. अनेकांचं महिन्याचं घरभाडं तेव्हा त्याहून कमी होतं, त्यामुळे ते वाचून कोण धावत सुटणार? बर्डिकनी आपला तीन लाखांहून अधिक कागदी वस्तूंचा संग्रह, त्यात तीस हजारांवर बेसबॉल कार्डं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. नुसता दिला नाही. वर्षानुवर्षं तिथे बसून, आखडलेल्या बोटांनी, एकेक कार्ड अल्बममध्ये चक्क गोंद लावून चिकटवलं. १९६३ च्या जानेवारीत काम पुरं केलं आणि मार्चमध्ये गेले. बेसबॉलचा सामना त्यांनी कधी मैदानावर जाऊन पाहिला नाही, असं सांगतात.

गोंद हा शब्द ऐकून आमच्या शेजाऱ्यांना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. त्यांच्या हिशेबाने त्या गृहस्थांनी शतकातलं सर्वांत मोठं नुकसान केलं. मला वाटतं, गोंद लावलेलं कार्ड विकता येत नाही, म्हणून त्याचा भावही विचारावा लागत नाही, आणि भाव विचारला नाही की या छंदात माणसाला निवांत झोप लागते. म्हणूनच बर्डिकचा रस्ता दुसऱ्या कोणी धरला नसावा.

न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. माळा किंवा तळघर साफ करताना बुटांचं किंवा सिगारचं खोकं हाती लागलं तर लगेच टाकू नका. उघडा. १९५२ किंवा त्याआधीचं काही असलं तर कोपऱ्यांना बोट न लावता जाणत्या माणसाला दाखवा आणि घाईने विकू नका. १९८८ असं दिसलं तर खोकं जसंच्या तसं पुठ्ठ्याच्या कचऱ्यात घाला. फक्त टाकण्याआधी आमच्या शेजाऱ्यांना फोन करू नका. ते येतील, खोकं घेऊन जातील, आणि ठेवायला माझं गॅरेज मागतील.